शिगेचं चिपटं

करंजवाडीत कुणाला तांदूळ मोजून द्यायचे झाले तर अजूनही माप सपाट भरत नाहीत. लाकडी चिपटं घ्यायचं, वर टोक निघेपर्यंत तांदूळ ओतायचे आणि चार दाणे बाजूने घरंगळले की माप भरलं म्हणायचं. त्या टोकाला शीग म्हणतात. सपाट माप म्हणजे घेणाऱ्याचा अपमान आणि देणाऱ्याची शोभा. पवनानगरच्या दुकानांत वजनकाटे आले, बंद पाकिटं आली, तरी करंजवाडीतली ही रीत गेली नाही, आणि ती न गेल्याचं बरंचसं श्रेय हौशीभाऊंना द्यावं लागतं.

हौशीभाऊ म्हणजे हौशीराम. साठी ओलांडलेला, अंगाने काटकुळा माणूस, पण तळहात मात्र परातीएवढे. धरणाकाठी तंबूत राहायला आलेल्या पोरांनी एकदा त्यांच्या दारात तांब्याभर पाणी मागितलं. भाऊंनी पाणी दिलं, ताक दिलं, काकड्या दिल्या, आणि पोरं निघाली तर अर्ध्या वाटेवर गाठून भोपळा दिला. तंबूत राहणाऱ्या माणसाने भोपळ्याचं काय करायचं, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. लग्नात पंगत वाढायला हौशीभाऊ असले की आचारी न सांगता दीडपट रांधायचा, कारण 'पुरे' हा शब्द भाऊंना ऐकूच येत नसे. पानावर आडवा हात धरला तर ते हातावर वाढत.

अशा माणसाला ग्रामपंचायतीने काय काम द्यावं? जलसुरक्षकाचं! हे ज्याला सुचलं त्याच्या डोक्याला दुरूनच नमस्कार.

काम तसं साधं. टेकाडावर गावाची पाण्याची टाकी. कोंडाजी पंप चालू करून ती भरायचा आणि हौशीभाऊंनी पाणी शुद्ध करायची पांढरी टीसीएल पावडर बादलीत कालवून टाकीत ओतायची. मग गावातल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत धरून त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी फिकट पिवळं झालं की प्यायला बरं. भरलेल्या टाकीला पावडर अडीचशे ग्रॅम, असं ट्रेनिंगला सांगितलं होतं. योगायोग असा की भाऊंचं घरचं चिपटं सपाट भरलं तर नेमकी तेवढीच पावडर मावायची. पण सपाट भरायला ते हौशीभाऊ कसले?

"गावाच्या पाण्यात हात आखडायचा? आपल्याच्यानं न्हाई व्हायचं," ते म्हणायचे आणि चिपट्यावर टेकाडासारखी शीग चढवायचे. टाकीच्या खोलीची किल्ली करदोट्याला बांधून गावातून फिरताना त्यांची छाती फुगलेली असे.

गावाची मात्र पंचाईत झाली. निळे सदरे आकाशी झाले, आकाशी होते ते पांढरे. तेही गाव सोसत होतं. पण एके दिवशी इंद्रायणीच्या भाताचा वास गेला. मावळातल्या माणसाला उपाशी ठेवा, उन्हात उभा करा, चालेल. शिजत्या इंद्रायणीच्या पातेल्यावरचं झाकण काढावं आणि दवाखान्यासारखा वास यावा, हे मात्र त्याला सहन होत नाही. तरीही भाऊंना तोंडावर कुणी बोललं नाही. बोलणार कोण? गावातल्या प्रत्येक पोटात कधी ना कधी त्यांच्या हातचा घास गेलेला. बायका रात्रीच हंडे भरून उघडे ठेवायला लागल्या, म्हणजे सकाळपर्यंत वास उडून जाई. भाऊंनी विचारलं तर सांगत, "उकाड्यानं पानी गार व्हावं म्हनून, भाऊ."

भाऊंचं घर टाकीखालचं पहिलंच. त्यामुळे सगळ्यात कडक पाणी त्यांच्याच नळाला. त्यांच्या स्वतःच्या नाकाला सवय झालेली. त्यांना एवढंच कळलं की आपल्याकडे कुणी चहाला थांबत नाही. ज्या ओट्यावर दिवसातून दोनदा पातेलं रिकामं व्हायचं, तिथून लोक चपला न काढता जायला लागले.

"ये कोंडाजी, च्या टाकलाय."

"न्हाई भाऊ, आत्ताच घेतला."

ज्याला विचारावं त्याने आत्ताच घेतलेला. भाऊंनी चहाची पत्ती बदलली. मग म्हैस बदलायचं काढलं. शेवटी एके दिवशी चुलीपाशी बसलेल्या बायकोला, सरुबाईंना म्हणाले, "तुज्या हाताची चव गेली का गं?"

सरुबाईंना खरं माहीत होतं. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "वय झालं आता माजं." चाळीस वर्षं जिच्या चहाला गाव नावाजत होतं, तिने हा आळ डोक्यावर घेतला. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

मग उपकेंद्रावर माधवी नावाची नवी आरोग्यसेविका आली. मुलगी लोणावळ्याची, रोज स्कूटीवरून यायची, बोलायला सरळ. पहिल्याच दिवशी तिने भाऊंच्या नळाचं पाणी तपासलं.

"आबा, हे पिवळं नाही. नारिंगी आहे."

"मंग ब्येस की!" भाऊ खूश झाले. "पिवळ्याच्या फुडचं."

माधवीने कपाळाला हात लावला नाही, एवढीच तिची सभ्यता. ती ओट्यावर बसली, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पिशवीतून काढला आणि सरुबाईंकडून गूळ मागून घेतला.

"आबा, दहा टक्क्यांचं गुळाचं पाणी करून दाखवा बरं."

भाऊंनी शंभर ग्रॅम पाणी मोजलं, दहा ग्रॅम गूळ टाकला, वर एक खडा सोडायला निघाले तेव्हा माधवीने तो काढून घेतला.

"आता सगळ्याचं मिळून वजन किती झालं?"

"एकशे धा."

"मग एकशे दहामध्ये गूळ दहा. म्हणजे दहा टक्के नाही झाले, नवाच्या जरा वर झाले. टक्के नुसत्या पाण्यावर काढायचे नसतात. गूळही त्या शंभरातच धरायचा."

हौशीभाऊंचा चेहरा उजळला. "मंजी कमीच भरलं! त्येच तर म्या म्हंतो ताई, वरून टाकाया लागतंयच!"

"नाही हो! पाणी नव्वद घ्यायचं, गूळ दहा. झाले शंभर."

"पानी कमी करायचं?" भाऊ दुखावले. "गुळाच्या पान्याला पाव्हना येनार, आन् त्येच्यात पानी कमी?"

तरी माधवी मागे हटली नाही. टीसीएलच्या पोत्यावर तेहतीस लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तिने सांगितला: शंभर ग्रॅम पावडरीत कामाचा क्लोरीन तेहतीस ग्रॅम, बाकी नुसता चुना. दुकानदाराने सदुसष्टाला फसवलं, असं भाऊंचं म्हणणं पडलं. पोतं उघडं राहिलं, ऊन लागलं, दमट हवा लागली तर तो क्लोरीन उडून जातो आणि पावडर दिसायला तेवढीच राहते, हेही तिने सांगितलं. आणि निघता निघता, स्कूटीला किक मारता मारता, गावात आजवर कुणी न बोललेलं वाक्य ती बोलून गेली.

"आबा, चहाला तुमच्याकडे कुणी थांबत नाही ना, ते पाण्याच्या वासामुळे. काकूंच्या हाताला काही झालेलं नाही."

हौशीभाऊ ओट्यावरून उठले. मग आत जाऊन सरुबाईंच्या शेजारी बसले आणि लसूण सोलू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सांगितल्याएवढीच लसूण सोलली.

भैरोबाची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेला सगळ्या गावाचं आणि पैपाहुण्यांचं जेवण टाकीच्या पाण्यावर व्हायचं. मागच्या जत्रेत उर्से गावचे पाहुणे भात पानात टाकून उठले होते. गावाची मान खाली गेली होती. सरपंच नंदाबाई मनाने चांगली बाई, पण या वेळी तिने सरुबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, अवंदा भाताला वास आला तर किल्ली काडून घ्यावी लागंल बगा. मलाबी लय वाईट वाटतंय." सरुबाईंनी ते घरी सांगितलं. भाऊंचा हात नकळत करदोट्याकडे गेला.

त्यांनी मनाशी ठरवलं: या वेळी सपाट. पण ठरवलं ते कुणाला सांगितलं नाही. हौशीराम सपाट माप भरतो, हे चारचौघांत सांगायचं कोणत्या तोंडाने?

इथेच सगळा घोळ झाला. भाऊ सुधारले हे गावाला कळलं नाही, आणि गाव काय करतंय हे भाऊंना.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी भाऊंनी घरी पडवीचं दार लावून घेतलं आणि पोत्यातून चिपट्यात पावडर भरली. शीग चढली. मग त्यांनी फुटपट्टी घेतली, डोळे मिटले आणि चिपट्याच्या काठावरून फिरवली. वरची पावडर पोत्यात पडल्यावरच त्यांनी डोळे उघडले. बादलीत पावडर कालवून, झाकण ठेवून ते झोपले. सकाळी बादली टेकाडावर नेली, टाकीत ओतली, आणि पाणी गावात सुटलं.

भैरोबाच्या देवळामागे चुली पेटल्या होत्या. तांदूळ धुऊन तयार. माधवी नळाशी आली, काचेच्या नळीत पाणी धरलं, थेंब टाकले, हलवलं. पाणी पांढरं ते पांढरंच. तिने पुन्हा टाकले. पिवळेपणाचा मागमूस नाही.

"या पाण्यात काहीच नाही," ती म्हणाली. "शेजारच्या वाडीत जुलाबाचे पेशंट आहेत, दोघांना सलाईन लावून आलेय मी. पिवळं झाल्याशिवाय या पाण्याचा घोट कुणी घ्यायचा नाही आणि चुलीवर पातेलं चढवायचं नाही."

आचाऱ्याने डाव खाली ठेवला. नंदाबाई धावत आली, कोंडाजी आला, बघे जमले. हौशीभाऊंचा चेहरा पडला.

"माजीच चूक," ते म्हणाले. "या टायमाला म्या... सपाट भरलं."

भैरोबा घोड्यावरून उतरून चालत आला असता तरी लोक इतके चकित झाले नसते.

"सपाट?" कोंडाजी म्हणाला. "तुमी?"

"पण सपाट म्हणजे अडीचशे ग्रॅम, मीच वजन करून बघितलंय," माधवी म्हणाली. "तेवढ्याने पिवळं व्हायलाच हवं होतं. मग गेलं कुठं?"

सरुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अवं, मला काय ठावं तुमी सपाट भरलंय! किल्ली जायाची म्हनून सकाळच्या पारी म्या अर्दी बादली मोरीत वतली आन् वर साधं पानी घालून ठिवलं."

"अगं!"

"मावशी, तुमीबी?" नंदाबाई पटकन बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण सगळे तिच्याकडे वळले होते. "म्या... परवा तुमच्याकडनं चिपटं न्हेलं न्हाई का हळदीकुंकवाला? त्येच्या बुडाला दोन बोटं मेन वतून आनलं. म्हनलं, भाऊ शीग बगत्यात, बूड कुटं बगत्यात?"

भाऊंनी बूड खरंच बघितलं नव्हतं. जन्मात कधी बघितलं नव्हतं. त्यांचं लक्ष नेहमी टोकाकडे.

आता कोंडाजी हळूहळू गर्दीत मागे सरकायला लागला.

"कोंडाजी!" नंदाबाई ओरडली.

"म्या जास्त काय न्हाई केलं," कोंडाजी म्हणाला. "भाऊ भाईर गेलं की त्येंच्या पडवीतल्या पोत्याचं तोंड उगडून उनात ठिवायचो. आटवडा झाला. भाऊ याच्या आदी परत सावलीत. ताईच म्हनल्या व्हत्या की उडून जातंय."

"ते तसं करू नका म्हणून सांगितलं होतं!" माधवी किंचाळली.

पहिल्यांदा आचारी हसला. मग सगळं देऊळ हसलं. हौशीभाऊ मात्र हसले नाहीत. ते एकेकाकडे बघत होते.

"मंजी तुमी समदी मिळून माजी शीग काडत व्हता," ते म्हणाले, "आन् मला कुनी बोलला न्हाई?"

"कसं बोलनार, भाऊ?" नंदाबाई म्हणाली.

वर उन्हं चढत होती. पाहुण्यांच्या जीपा येऊन उभ्या राहायला लागल्या होत्या. कोंडाजीला घाई झाली. "आता टाका भाऊ वरून चांगली वंजळभर! व्हईल पिवळं!"

"व्हय व्हय, टाका भाऊ, शिगंनं टाका!" गर्दीतून आवाज आले. आठवडाभर जी शीग चोरून काढत होते, तीच आता देवळासमोर मागायला लागले.

"न्हाई," हौशीभाऊ म्हणाले. "वंजळ किती टक्क्याची, कुनाला ठाव हाय का? म्या अंदाजानं टाकनार न्हाई. ताई, काटा काडा."

माधवीने काटा काढला आणि कोंडाजीने भाऊंच्या पडवीतून पोतं उचलून आणलं. उन्हाने पावडरीत किती दम शिल्लक ठेवलाय, ते आधी बघायला हवं होतं. तिने पाच ग्रॅम पावडर एका बादलीत विरघळवली, त्यातलं पेलाभर पाणी दुसऱ्या बादलीत मिसळलं आणि त्यावर थेंब टाकून रंगाची पट्टी शेजारी धरली. पावडर ताजी असती तर रंग तीनच्या खुणेच्या जरा पुढे गेला असता. तो दीडच्या जरा पुढे जाऊन थांबला.

"निम्मी ताकद गेली," ती म्हणाली. "तेहतीस टक्के होते, आता सोळा-सतरा राहिले. तर मग किती घ्यायची, आबा?"

हौशीभाऊंनी डोळे मिटून ओठ हलवले. सगळं गाव त्यांच्या ओठांकडे बघत होतं.

"शंबरात तेहतीस व्हतं तवा अडीचशे," ते सावकाश म्हणाले. "आता शंबरात निम्मंच. मंजी दुप्पट. पाश्शे."

"सकाळी टाकलेलं?"

"त्ये पान्यानं खाल्लं. त्ये धरायचं न्हाई."

"आणि वरून?"

भाऊंनी एकदा पोत्याकडे बघितलं. "वरून काय न्हाई."

रिकाम्या डब्याचं वजन आधी काढून ठेवलं. मग भाऊ चमच्याने पावडर टाकू लागले. चारशे. साडेचारशे. चारशे नव्वदवर त्यांनी चमचा ठेवला आणि चिमटीने टाकायला सुरुवात केली. काट्यावर पाचशे उमटलं तेव्हा त्यांच्या बोटांत अजून एक चिमूट शिल्लक होती. हात डब्यावर तसाच थांबला. साठ वर्षांची सवय त्या चिमटीत होती, आणि ती खाली पडायला बघत होती. भाऊंनी हात मागे घेतला आणि चिमूट पोत्यात झटकली.

कोंडाजीने डबा घेऊन टेकाडावर धूम ठोकली आणि पावडर कालवून टाकीत ओतली. पापक्षालनाला एवढं त्याने करायलाच हवं होतं. नळातून आधीचं पाणी जाऊ दिलं, थोडा वेळ थांबले, आणि माधवीने देवळाच्या पांढऱ्या भिंतीसमोर काचेची नळी धरली. पाणी फिकट पिवळं झालं. नारिंगी नाही, पांढरं नाही. ती वस्तीच्या शेवटच्या नळापर्यंत जाऊन आली, तिथेही तेच.

भात शिजला. आचाऱ्याने झाकण काढलं आणि इंद्रायणीचा वास देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आला. उर्से गावच्या पाहुण्यांनी दोनदा भात मागून घेतला, तिसऱ्यांदा मागितला नव्हता तरी मिळाला, कारण वाढायला हौशीभाऊ होते. सकाळपासून आवरून धरलेली सगळी शीग त्यांनी पंगतीत काढली. लोक पानावर हात धरत होते आणि भाऊ हातावर वाढत होते.

किल्लीचा विषय निघालाच नाही. आवराआवर करताना नंदाबाईने चिपटं भाऊंच्या हातात दिलं. आतलं मेण तिने खरवडून काढलं होतं.

"ह्ये आता घरी तांदळालाच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "टाकीला काटा आनू."

दिवस कलला तसे भाऊ ओट्यावर येऊन बसले. कोंडाजी वाटेने चालला होता. भाऊंनी त्याला हाक मारली नाही. बोलावून 'आत्ताच घेतला' ऐकायची त्यांची तयारी नव्हती. कोंडाजी पुढे गेला, थांबला, मागे आला आणि चपला काढून ओट्यावर चढला.

"वैनी, च्या टाका."

आतून लगेच भांड्याचा आवाज आला. मग नंदाबाई आली, आचारी आला, उर्से गावचे दोन पाहुणे आले. ओटा भरला. घरी निघालेल्या माधवीलाही भाऊंनी स्कूटीवरून उतरवलं. सरुबाई कप भरत होत्या आणि साखरेचा डबा भाऊंच्या मांडीवर होता. प्रत्येक कपात चमचा, त्या चमच्यावर शीग, आणि चमचे चार.

कोंडाजीने एक घोट घेतला आणि डोळे मिटले. नंदाबाईने घोट घेऊन भिंतीकडे बघितलं.

माधवीने घोट घेतला. लोणावळ्याची मुलगी, चिक्कीच्या दुकानांमध्ये वाढलेली, तरी तिच्या दाढा शिवशिवल्या. सवयीने तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला: चहा ऐंशी ग्रॅम, साखर वीस, साखरही शंभरातच धरायची, म्हणजे वीस टक्के. आणि तळाशी न विरघळलेली, ती वेगळी.

हौशीभाऊ तिच्याकडे टक लावून बघत होते. "कसा झालाय, ताई? तुमी खरं बोलता म्हनून इचारतो."

माधवीने ओट्यावरच्या माणसांकडे बघितलं. सगळ्यांनी माना कपात घातल्या होत्या. तिने उरलेला चहा एका दमात संपवला.

"बरोबर झालाय, आबा," ती म्हणाली. "अगदी बरोबर."